उपराजधानीतला 'उप', सबफोल्डरमधला 'सब': संगणकाच्या शब्दांतून इंग्रजी उपसर्ग कसे शिकावेत

नागपूरकराला 'उप' शिकवावा लागत नाही. 28 सप्टेंबर 1953 ला नागपूर करार झाला, 1960 मध्ये महाराष्ट्र राज्य आलं, आणि 1956 पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असलेलं आपलं शहर उपराजधानी झालं. हिवाळी अधिवेशनाचा बंदोबस्त लागला की सिव्हिल लाइन्समधून जाणाऱ्या शाळकरी पोरालाही कळतं की 'उप' म्हणजे मुख्याच्या खालोखाल, त्याच्याच पोटातलं दुसरं.

सक्करदऱ्यात मी दहावी-बारावी झालेल्या मुलामुलींना संगणक शिकवतो. बहुतेक जण मराठी माध्यमातले. दोन वर्षांपूर्वी एका मुलीनं विचारलं, "सर, सबफोल्डर म्हंजे काय जी?" मी म्हणालो, "उपराजधानी असते ना, तसा उपफोल्डर." ती थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिली आणि मग वहीत एकाखाली एक लिहीत गेली: सबटायटल, सबडोमेन, सबमेनू, सबटोटल. सबटायटलसमोर तिनं स्वतःहून 'उपशीर्षक' लिहिलं. त्या दिवसापासून मी उपसर्गांची छापील यादी पाठ करून घेणं बंद केलं. इंग्रजी उपसर्ग शिकायला लागणारी समज मराठी माणसाकडे आधीपासून असते. ती संगणकावर रोज दिसणाऱ्या शब्दांना लावायची, एवढंच काम उरतं. ते कसं करायचं, ते इथे क्रमानं सांगतो.

पहिली पायरी: शब्द यंत्रातूनच गोळा करा

पुस्तक उघडू नका. संगणक किंवा फोन सुरू करा, सेटिंग्ज उघडा, एखादी फाइल उघडून तिचा मेनू वाचा. अर्ध्या तासात वीस शब्द सहज मिळतात: रिस्टार्ट, रिफ्रेश, अनडू, रीडू, अनइन्स्टॉल, डिसेबल, डिस्कनेक्ट, प्रिव्ह्यू, ऑटोसेव्ह, ओव्हरराइट, सबफोल्डर, अँटीव्हायरस, हायपरलिंक, इंटरनेट, मल्टिमीडिया, अनलॉक, डीकोड, इनव्हॅलिड, रिसेट, अननोन.

वहीच्या पानावर तीन रकाने पाडा. पहिल्यात उपसर्ग, दुसऱ्यात उरलेला शब्द, तिसऱ्यात तेच काम करणारा मराठी उपसर्ग किंवा शब्द. पहिल्या दोन रकान्यांत इंग्रजी अक्षरं लिहा, म्हणजे स्पेलिंगही हातात बसेल. तिसरा रकाना मात्र मराठीतच भरा. घाईनं भरू नका, अडलं तर रिकामा ठेवा.

आणि प्रत्येक शब्द एकदा तरी करून बघा. अनडू लिहिलं की खरंच एक ओळ टाइप करा, अनडू करा, मग रीडू करा. गेलेली ओळ परत आलेली डोळ्यांनी पाहिली, की 'अन' आणि 'री' यांतला फरक पुन्हा समजावून सांगावा लागत नाही.

दुसरी पायरी: कापा, पण कापलेलं तपासा

शब्द कापल्यावर दोन प्रश्न विचारायचे. उरलेला तुकडा एकटा उभा राहतो का? आणि त्याचा अर्थ मूळ शब्दाशी जुळतो का? रिस्टार्टमधून 'री' काढा, स्टार्ट उरतं. पुन्हा सुरू करणं. दोन्ही उत्तरं 'हो'. डिलीट घ्या. 'डी' काढल्यावर उरलेलं 'लीट' काहीच नाही. हा शब्द पुसून टाकणं या अर्थाच्या लॅटिन क्रियापदावरून आख्खाच आलेला आहे, त्याला कापायचं नाही. रिकव्हर तर चांगलाच फसवतो. कव्हर हा शब्द उभा राहतो, पण गेलेला डेटा परत मिळवण्यात पुन्हा झाकण घालण्याचा संबंध नाही. त्याचं लॅटिन मूळच वेगळं आहे.

इथे कान फार मदत करतो. आपण मराठीत सगळीकडे सारखंच 'रि' म्हणतो, पण इंग्रज माणसाचा उच्चार नीट ऐका. रीस्टार्ट, रीबूट, रीलोड यांत तो 'री' लांबवतो, कारण तिथे उपसर्ग जिवंत आहे आणि त्याचा अर्थ 'पुन्हा' असा आहे. रिसीव्ह, रिमूव्ह, रिप्लाय यांत तोच आवाज आखूड होतो, कारण तिथे तो शब्दात विरघळलेला आहे. डीबग आणि डीकोडचा 'डी' लांब, डिलीट आणि डिफॉल्टचा आखूड. प्रीव्ह्यूचा 'प्री' लांब, प्रिपेअरचा आखूड. ऑनलाइन शब्दकोशात उच्चाराचं बटण असतं, ते दाबून दहा शब्द ऐका. सगळ्याच शब्दांना हा नियम लागू पडत नाही, पण नवशिक्याला याच्याइतकी उपयोगी खूण मी दुसरी पाहिलेली नाही.

विरघळलेले उपसर्ग टाकून द्यायचे का? नाही. मराठीत आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार हे शब्द आपण शाळेत एका ओळीत शिकलो. 'हार' तोच, उपसर्ग बदलला की अर्थ कुठल्या कुठे जातो. संगणकात तसाच एक 'मिट' आहे. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ पाठवणं. सबमिट म्हणजे खाली पाठवणं, म्हणजे कुणाच्या तरी हाती सोपवणं. ट्रान्समिट म्हणजे पलीकडे पाठवणं. परमिट म्हणजे आरपार जाऊ देणं.

याहून सुंदर घराणं घडीचं आहे. घडी घालणं या अर्थाचं एक लॅटिन क्रियापद आहे. डिस्प्ले म्हणजे घडी उलगडून दाखवणं. रिप्लाय म्हणजे उलट घडी, आलेलं परत वळवणं. मल्टिप्लाय म्हणजे अनेक घड्या, डुप्लिकेट म्हणजे दुहेरी घडी. आणि अप्लाय, ज्यातून अ‍ॅप्लिकेशन आलं आणि ज्याचं आपण 'अ‍ॅप' केलं, तेही त्याच घडीतलं. इतवारीच्या कापडबाजारात दुकानदार लुगड्याची घडी झटकून उलगडतो ना, डिस्प्ले शब्दात नेमकं तेच चित्र आहे.

तिसरी पायरी: उलटवणारे आणि नाकारणारे

सर्वात जास्त वेळ इथे द्या. मुलांच्या बहुतेक चुका इथेच होतात.

आधी 'अन'. याची इंग्रजीत दोन वेगळी कामं आहेत. क्रियापदाला लागला तर झालेलं काम उलटवतो: अनडू, अनलॉक, अनइन्स्टॉल, अनझिप. विशेषणाला लागला तर फक्त 'नाही' म्हणतो: अननोन, अनसेफ, अनअव्हेलेबल. ओळखायची कसोटी सोपी आहे. 'आधी तसं होतं का?' असं विचारा. अनलॉक केलेला फोन आधी लॉक होता. पण अननोन नंबर आधी ओळखीचा होता आणि मग अनोळखी झाला, असं नाही. तो कधीच ओळखीचा नव्हता. हे दोन 'अन' दिसायला एक असले तरी त्यांची मुळं वेगळी आहेत.

यातला नकाराचा 'अन' आपला सख्खा नातेवाईक आहे. संस्कृतचा अ आणि अन्, लॅटिनचा इन, ग्रीकचा अ आणि अन, इंग्रजीचा अन, हे सगळे एकाच प्राचीन मुळातून आले. आपण व्यंजनापुढे 'अ' लावतो आणि स्वरापुढे 'अन्': अज्ञात, पण अनपेक्षित. ग्रीकमध्येही तसंच. म्हणून असिंक्रोनसमध्ये (एकाच वेळी न होणारं) नुसता 'अ' आणि अ‍ॅनॉनिमसमध्ये 'अन'. अ‍ॅनॉनिमस म्हणजे नाव नसलेला, अनाम. त्यातला ग्रीक शब्द आणि आपला 'नाम' हेही एकाच मुळाचे. हा शब्द फळ्यावर 'अनामिक'च्या शेजारी लिहिला की वर्ग एक क्षण शांत होतो, आणि मला तो क्षण फार आवडतो.

लॅटिनचा 'इन' पुढच्या अक्षराप्रमाणे रूप बदलतो. इनव्हॅलिड, इनकरेक्ट, पण इम्पॉसिबल, इलीगल, इर्रेग्युलर. स्पेलिंगमध्ये एल किंवा आर दोनदा का येतो, असं मुलं विचारतात. उत् अधिक लेख, उल्लेख. तिथे 'त'चा 'ल' होतो, इथे एनचा एल होतो. व्यंजनसंधी तुम्ही शाळेत शिकलेली आहे, तीच ही. मात्र इनपुट, इन्सर्ट, इनबॉक्स यांतला 'इन' नकाराचा नाही, त्याचा अर्थ 'आत'. इन्स्टॉलमध्येही तोच: स्टॉल म्हणजे ठरलेली बसायची जागा, आणि एखाद्याला त्या जागेवर विधिपूर्वक बसवणं म्हणजे इन्स्टॉल. जत्रेतला स्टॉलही याच कुळातला.

आता 'डिस'. गेल्या उन्हाळ्यात एक मुलगा फोन घेऊन आला. "सर, हे अ‍ॅप डिसेबल होऊन राह्यलं, पण फोनातून जाऊन नाही राह्यलं." डिसेबल आणि अनइन्स्टॉल त्याला एकच वाटत होतं. एबल म्हणजे समर्थ. डिसेबल म्हणजे सामर्थ्य काढून घेणं, चालू शकणार नाही असं करणं. अ‍ॅप घरात आहे, फक्त निजवून ठेवलं आहे. अनइन्स्टॉल म्हणजे बसवलेलं उचलून बाहेर काढणं. कंपनीनं आधीच घालून दिलेल्या काही अ‍ॅप्सना दुसरं बटणच नसतं, म्हणून ते जात नव्हतं. त्याच वेळी तिसरा शब्दही सांगून टाकला. 'अनेबल' हे विशेषण आहे, एखादी गोष्ट जमत नाही एवढंच ते सांगतं. 'फाइल उघडायला अनेबल' असा संदेश आला तर कुणी काही बंद केलेलं नाही, यंत्राला ते जमत नाही. आणि एनेबल म्हणजे समर्थ करणं. हे चार शब्द एका चौकटीत लिहून घ्या.

'डी' काढून टाकतो किंवा उलटवतो: डिक्रिप्ट, डिअ‍ॅक्टिव्हेट, डिबग. डिबगची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. 9 सप्टेंबर 1947 ला हार्वर्डच्या मार्क-टू यंत्रात एक पतंग सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवून ठेवला गेला. पण यंत्रातल्या दोषाला बग म्हणणं त्याच दिवशी सुरू झालं, हे खरं नाही. एडिसननं 1878 मधल्या पत्रातच तो शब्द वापरला होता. गोष्ट जरूर सांगा, दुरुस्तीसह सांगा.

'नॉन' आपल्याला सावजी भोजनालयाच्या पाटीवरच्या 'नॉन-व्हेज'वरून पाठ आहे. हा नुसतं वर्गीकरण करतो, दोष दाखवत नाही. नॉन-व्होलाटाइल मेमरी म्हणजे वीज गेली तरी न पुसली जाणारी. एवढं पुरे.

चौथी पायरी: आंतर की अंतर

आपल्या विमानतळावर 'आंतरराष्ट्रीय' लिहिलेलं आहे. शरीराच्या आतल्या दुखापतीला आपण 'अंतर्गत' म्हणतो. पहिल्यात 'दोहोंच्या दरम्यान', दुसऱ्यात 'एकाच्या आत'. इंग्रजीत हीच जोडी इंटर आणि इंट्रा अशी आहे. इंटरकॉलेज स्पर्धेत शहरातली कॉलेजं एकमेकांशी खेळतात, इंट्राकॉलेजमध्ये एकाच कॉलेजचे वर्ग. इंट्रानेट म्हणजे एखाद्या बँकेचं किंवा कार्यालयाचं आतल्या आत चालणारं जाळं. इंटरनेट म्हणजे जाळ्यांना जोडणारं जाळं.

हा शब्द हवेतून आलेला नाही. वेगवेगळी जाळी एकमेकांना जोडण्याच्या कामाला इंटरनेटवर्किंग म्हणत. डिसेंबर 1974 मध्ये विंट सर्फ, योगेन दलाल आणि कार्ल सनशाइन या तिघांनी लिहिलेल्या तांत्रिक दस्तऐवजात त्याचं आखूड रूप 'इंटरनेट' आलं. म्हणून मराठीत 'आंतरजाल' आणि 'अंतर्जाल' अशी दोन्ही रूपं दिसली तरी माझं मत 'आंतरजाल'च्या बाजूनं आहे. अंतर्जाल म्हटलं की अर्थ इंट्रानेटकडे झुकतो.

इंटरफेस आणि इंटरप्ट याच रकान्यात टाका. इंटरप्टमधला 'रप्ट' म्हणजे तुटणं, मध्येच तुटणं. इंटरनल मात्र टाकू नका. तिथे इंटर अधिक नल असं काही नाही, तो 'आतला' या अर्थाचा स्वतंत्र शब्द आहे. परीक्षेत नेमका हाच विचारतात.

पाचवी पायरी: वरचे आणि खालचे

संस्कृतात 'उपरि' म्हणजे वर. ग्रीकचा हायपर, लॅटिनचा सुपर, इंग्रजीचा ओव्हर हे तिघे त्याचे भाऊबंद. अर्थ मात्र तिघांनी वाटून घेतले आहेत, आणि तेच शिकायचं.

हायपर म्हणजे नेहमीच्या मर्यादेपलीकडचं. 1965 मध्ये टेड नेल्सन यांनी हायपरटेक्स्ट हा शब्द मांडला: कागदावरच्या सरळ रेषेत न बसणारा, एका जागेवरून दुसरीकडे नेणारा मजकूर. सुपर म्हणजे वरच्या दर्जाचं. सुपरकॉम्प्युटर म्हटलं की पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेचा 1991 चा परम 8000 सांगायलाच हवा. त्या प्रकल्पाचं नेतृत्व केलेले विजय भटकर अभियांत्रिकी शिकले ते नागपुरातच, आजच्या व्हीएनआयटीत. आणि ओव्हर म्हणजे बहुतेक वेळा आपला 'अति': ओव्हरलोड म्हणजे अतिभार, ओव्हरफ्लो म्हणजे भरून सांडणं, ओव्हरहीट म्हणजे मे महिन्यात कूलरशिवायच्या खोलीत लॅपटॉपचं जे होतं ते. ओव्हरराइट मात्र वेगळा. तिथे ओव्हर म्हणजे शब्दशः 'वर': जुन्या मजकुरावर नवा लिहिणं, म्हणजे जुना गेला. फाइल सेव्ह करताना हा शब्द दिसला की थांबा.

खालच्या बाजूला सब आणि अंडर. लॅटिनचा 'सब' आणि आपला 'उप' हेही एकाच मुळाचे, त्यामुळे उपराजधानीचा दाखला उगाच दिलेला नाही. सबस्क्राइब म्हणजे खाली लिहिणं, कागदाच्या तळाशी सही करून बांधून घेणं. चॅनेलखालचं बटण दाबताना तुम्ही एका परीनं सहीच करता.

प्री आणि पोस्ट रिचार्जमुळे सगळ्यांना येतात: प्रीपेड, पोस्टपेड. आधी, नंतर. ऑटो म्हणजे स्वतः, मल्टि म्हणजे बहु, अँटी म्हणजे विरोधी. अँटीबायोटिकला आपण प्रतिजैविक म्हणतो तोच 'प्रति'. यांवर वेळ घालवू नका.

सहावी पायरी: मापाचे उपसर्ग, हिशेबासकट

हे उपसर्ग खिशाला लागतात, म्हणून आकड्यांसह शिका. किलो म्हणजे हजार. मेगा ग्रीकमध्ये मोठा, मापात दहा लाख. गिगा म्हणजे राक्षस, शंभर कोटी. टेरा म्हणजे अक्राळविक्राळ प्राणी, एक लाख कोटी. प्रत्येक पायरी आधीच्या हजारपट. गिगा, टेरा आणि नॅनो 1960 मध्ये आंतरराष्ट्रीय मापपद्धतीत आले. खालच्या दिशेनं मिली, मायक्रो, नॅनो. इंटेलचा 4004 हा मायक्रोप्रोसेसर 1971 मध्ये बाजारात आला, तिथे मायक्रो म्हणजे नुसतं 'सूक्ष्म', दशलक्षांश नाही.

आता बाजारातली शंका. सीताबर्डीहून 500 जीबीची डिस्क आणली, विंडोजला लावली, तर 465 जीबी दिसते. दुकानदारानं फसवलेलं नाही. कंपनी गिगा म्हणजे नेमके शंभर कोटी धरते. विंडोज 1024 गुणिले 1024 गुणिले 1024 धरतं आणि तरी नाव जीबीच लिहितं. 500 अब्ज बाइट्सना त्या मोठ्या संख्येनं भागा, उत्तर साधारण 465.66 येतं. हा गोंधळ मिटावा म्हणून 1998 मध्ये किबी, मेबी, गिबी असे वेगळे उपसर्ग ठरवले गेले. 465 हा आकडा खरं तर गिबीबाइटचा आहे.

दुसरी शंका इंटरनेटच्या वेगाची. 100 एमबीपीएसची जोडणी घेतली, तरी डाउनलोड सेकंदाला 12 एमबीच्या आसपास दिसतो. पहिल्यातला बी धाकट्या लिपीतला, म्हणजे बिट. दुसऱ्यातला मोठा, म्हणजे बाइट. आठ बिटांचा एक बाइट, 100 भागिले 8 म्हणजे 12.5. आणि बिटमध्ये 'बाय' उपसर्ग शोधू नका. बायनरी डिजिट या दोन शब्दांची टोकं जोडून तो झाला आहे.

सातवी पायरी: एका शब्दाभोवती फेर धरा

आता दिशा उलटी करा. उपसर्ग घेऊन शब्द शोधायचे नाहीत, एक शब्द घेऊन त्याला उपसर्ग लावत जायचं. लोड घ्या. अपलोड, डाउनलोड, रीलोड, प्रीलोड, ओव्हरलोड, अनलोड. प्रत्येकाचं एक मराठी वाक्य लिहा, आणि वाक्य तुमच्या रोजच्या जगण्यातलं असू द्या: शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी दाखला अपलोड केला, निकालाच्या दिवशी पान वीस वेळा रीलोड केलं. मग तेच राइट, सेट, कोड, लॉक यांच्यासोबत करा. जो शब्द तुम्ही बनवला पण शब्दकोशात सापडला नाही, त्यावर काट मारू नका, शेजारी प्रश्नचिन्ह लावा. इंग्रजीत हे दार उघडंच असतं, आज नसलेला शब्द उद्या मेनूत दिसू शकतो.

रोज तीन शब्द, आठवड्याला एक उपसर्ग, रविवारी नुसती उजळणी. मुलांना हा वेग झेपतो. याहून जास्त घेतलं की ती पुन्हा पाठांतराकडे वळतात.

हे सगळं झाल्यावर वर्गात मी शेवटी एकच शब्द फळ्यावर लिहितो: अनलॉकेबल. आणि म्हणतो, कापा. अर्धा वर्ग 'अन' आधी वेगळा काढतो: लॉकेबल म्हणजे लॉक करता येण्याजोगा, त्याला नकार, म्हणजे लॉक न करता येणारा. उरलेले 'एबल' आधी काढतात: अनलॉक म्हणजे लॉक उघडणं, तसं करता येण्याजोगा, म्हणजे लॉक उघडता येणारा. एकाच शब्दाचे दोन जवळजवळ उलटे अर्थ, आणि दोन्ही बरोबर. तिसऱ्या पायरीतले दोन 'अन' इथे समोरासमोर येतात. सबफोल्डर विचारणारी ती मुलगी मागच्या महिन्यात नव्या मुलांना हाच शब्द समजावत होती. तिनं कंस घातले नाहीत, खडूनं दोन घरं काढली: एका घराच्या दाराला कडीच नव्हती, दुसऱ्याच्या दाराला कुलूप होतं आणि शेजारी किल्ली टांगलेली होती.